तुर्भ्याच्या जुन्या घरातली वायरिंग

तुर्भे गावात आणि आसपासच्या सिडकोच्या जुन्या वसाहतींत वायरिंग झाली तेव्हा घरात दोन पंखे, चार दिवे नि एक टीव्ही एवढाच भार होता. आज त्याच तारांवर गीझर, एसी, मिक्सर चालतात. 2,000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर ओढतो. दिव्यांसाठी टाकलेली बारीक तार तेवढ्याने तापते, वरचं आवरण कडक होऊन तडकतं.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या पकडीत, जाड तार गुंडाळलेली दिसली, तर तिथे हात घालू नका. फ्यूज उडतो तो तार वाचवण्यासाठी. जाड तार घातली की आधी भिंतीतली वायर जळते. एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचचंही तसंच: वायर न बदलता मोठा एमसीबी बसवू नये.

एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही. ते काम आरसीसीबीचं. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणात वीज तोडतो. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

अर्थिंगही नीट तपासून घ्या. पूर्वी काही ठिकाणी अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधत. पाइप बदलून प्लास्टिकचा आला की ते अर्थिंग संपलं, आणि बाहेरून काहीच कळत नाही! खाडीजवळच्या दमट, खारट हवेत जोडही गंजतात. पावसाळ्याआधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगची आणि मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने, तारांची तपासणी करवून घ्या. एसी घेताना मंजूर भार वाढवायचा असेल, तर महावितरणकडे अर्ज करावा लागतो.