गर्भ रुजायचा तर अस्तरही तयार हवे

लग्नाला चार-सहा वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळतात. टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार करूनही दिवस राहिले नाहीत, तर ‘हिनेच धावपळ केली असेल’ असा शेरा ठरलेला. खरे तर गर्भ रुजायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात: गर्भ निरोगी हवा आणि गर्भाशयाचे अस्तर त्याच वेळी तयार हवे.

मोजक्या दिवसांची संधी

पाळीनंतर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे अस्तर पुन्हा जाड होऊ लागते. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉनचे काम सुरू होते. अस्तरातल्या ग्रंथी पोषक द्रव सोडतात, पेशी फुगतात, रक्तपुरवठा वाढतो. एरवी गर्भाला चिकटू न देणारे हे अस्तर बीज सुटल्यानंतर साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसापर्यंतच त्याला जागा देते.

१९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या काही माद्यांमध्ये अस्तराला लागणारे ‘एलआयएफ’ हे एकच प्रथिन नव्हते. त्यांचे गर्भ तयार होत, पण रुजत नसत. तेच गर्भ दुसऱ्या माद्यांच्या गर्भाशयात ठेवताच रुजले!

कोलकात्याची दुर्गा

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे हे यश देशातले पहिले मानले गेले. पण १९९७ मध्ये खुद्द आनंदकुमार यांनीच जुनी कागदपत्रे अभ्यासून पहिलेपणाचा मान कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांना दिला. त्यांच्या उपचाराने ‘दुर्गा’ ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच जन्मली होती.

मुखोपाध्याय यांनी गर्भ ५३ दिवस गोठवून ठेवला आणि नंतरच्या नैसर्गिक पाळीत गर्भाशयात सोडला. बीजे वाढवणाऱ्या औषधांनी अस्तराचे वेळापत्रक पुढेमागे होऊ शकते. म्हणूनच गर्भ गोठवून पुढच्या एखाद्या महिन्यात सोडण्याची पद्धत आज जगभर वापरली जाते. त्या काळी मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

काय तपासावे, काय टाळावे?

अस्तराजवळची गाठ, पॉलिप, आतले भाग चिकटणे, जुनाट सूज ही कारणे तपासून घ्यावीत. आपल्या देशात गर्भाशयाचा क्षयरोगही विसरू नये. तो काही लक्षणे न दाखवताही अस्तर खराब करतो.

काही महागड्या उपायांबाबत मात्र सावध राहा. अस्तराला मुद्दाम ओरखडा काढण्याचा फायदा २०१९ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. अस्तराचा तुकडा तपासून गर्भ सोडण्याची वेळ ठरवल्यानेही मुले जन्मण्याचे प्रमाण वाढले नाही, असे २०२२ च्या चाचणीत आढळले. ‘याचा फायदा सिद्ध झाला आहे का?’ असे डॉक्टरांना जरूर विचारा.

गर्भ सोडल्यावर अंथरुणाला खिळून राहण्याचीही गरज नसते. अनेकदा गर्भातच गुणसूत्रांचा दोष असतो. तो स्त्रीच्या बीजातून येऊ शकतो, तसा पुरुषाच्या शुक्राणूतूनही. म्हणून तपासणीला पतिपत्नी दोघांनी जावे. आणि प्रयत्न फसला, तर घरच्यांनी सुनेला दोष न देता धीर द्यावा.