नवीन माणूस शिकवायचाय? आधी एखाद्या चांगल्या बाईंच्या वर्गात मागे बसा



चॅनलवर तुमच्याकडून सगळ्यात जास्त कोणता प्रश्न येतो सांगू? जीएसटीचा नाही, मार्केटिंगचाही नाही. "सर, नवीन माणूस ठेवतो, सगळं शिकवतो, तरी त्याला जमत नाही. महिन्याभरात सोडून जातो. काय करू?" हा.

या प्रश्नामागे खरं नुकसान आहे. त्या महिन्याचा पगार, चुकलेली बिलं, काउंटरवरून रागावून गेलेलं गिऱ्हाईक आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं शिकवण्यात जाणारा तुमचा वेळ. हे कुठल्याच खातेवहीत वेगळं दिसत नाही, पण जातं तुमच्याच गल्ल्यातून.

आता ज्यांचा धंदाच शिकवणं आहे, त्यांच्याकडे आपण कधी बघतो का? माझं दुकान स्टेशनरीचं. शाळेतल्या बाई आणि गुरुजी आइस्क्रीमच्या काड्या, रबरबँड, कार्डशीट न्यायला येतात, आणि बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून पैसे देतात. "याचं नेमकं करता काय?" असं एका बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "येऊन बघा की." मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि आमच्या तालुक्यातल्या त्या जिल्हा परिषद शाळेत तीन दिवस वर्गात मागे बसलो. तिथे जे दिसलं, ते तुमच्या दुकानाच्या कामाचं आहे.

बघायचं काय, ते आधी ठरवा

शिक्षक होणाऱ्यांना डी.एड., बी.एड.ला इतरांचे पाठ बघून निरीक्षण लिहावं लागतं. नुसतं "छान शिकवलं" लिहून चालत नाही. मीही वहीत दोन रकाने आखले. एकात बाईंचे हात काय करतात ते, दुसऱ्यात मुलांचे हात काय करतात ते.

पहिल्या तासाला माझा दुसरा रकाना भरून गेला आणि पहिला जवळपास कोरा राहिला. तुमच्या दुकानात नवीन माणसाला शिकवताना असे रकाने भरले तर काय दिसेल, जरा विचार करा. बहुतेक ठिकाणी मालक बोलतोय, मालकच बटणं दाबतोय आणि पोरगा हाताची घडी घालून "हो, हो" म्हणतोय.

बेचाळीस वजा सतरा

बाईंनी फळ्यावर 42 − 17 लिहिलं. एका मुलाने उत्तर काढलं 35. कसं, तर सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. मोठ्यातून लहान वजा केलं, विषय संपला.

आपण तिथे असतो तर लगेच म्हणालो असतो, "अरे, चुकलं. बघ, असं करायचं." बाई एवढंच म्हणाल्या, "काड्यांनी करून दाखव."

मुलाने दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे घेतले आणि दोन सुट्या काड्या. त्यातून सात काढायला गेला, तर सुट्या दोनच. थांबला. गठ्ठ्यांकडे बघत बसला. बाई गप्प. माझी चुळबुळ सुरू झाली, पण बाई काही बोलेनात. मग पोरगा म्हणाला, "बाई, हा सोडू का?" रबरबँड काढला, सुट्या झाल्या बारा. त्यातल्या सात गेल्या, पाच उरल्या. तीन गठ्ठ्यांतला एक गेला, दोन उरले. पंचवीस! मग बाई फळ्यावर गेल्या आणि त्याने आत्ता हाताने जे केलं होतं, तेच आकड्यांत लिहून दाखवलं.

क्रम लक्षात घ्या. आधी हात, मग तोंड, मग आकडे. आणि मधला तो गप्प बसण्याचा वेळ. माझ्या मते सगळ्यात अवघड काम तेच आहे, आणि प्रशिक्षण लागतं ते त्यासाठीच.

टीव्ही कधी लावायचा आणि कधी नाही

वर्गात टीव्ही आहे, बाईंकडे मोबाईल आहे. पण तीन दिवसांत टीव्ही बराच वेळ बंदच होता. मुलांनी ओल्या कापसावर हरभरे ठेवले होते आणि रोज वहीत त्यांचं चित्र काढत होती. चार-पाच दिवसांची चित्रं झाल्यावर बाईंनी बी रुजण्याचा छोटा व्हिडिओ लावला, तोही मध्येच थांबवला. "आता आधी काय बाहेर येईल, मूळ की पान?" सगळा वर्ग ओरडला, "मूळ!" कारण त्यांनी ते आपल्या कापसावर बघितलं होतं. डोळ्यांना एका दमात दिसत नाही ते व्हिडिओने दाखवलं. हाताने करता येण्यासारखं काम मात्र व्हिडिओवर सोडलं नाही.

दुसरी गोष्ट प्लिकर्सची. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड दिलेलं असतं, त्यावर एक चौकोनी खूण. कार्डाची कुठली बाजू वर धरली, त्यावरून उत्तर अ, ब, क की ड ते ठरतं. बाई आपला एकच मोबाईल वर्गावरून फिरवतात आणि कोणाचं बरोबर, कोणाचं चूक ते त्यांना लगेच कळतं. प्रत्येकाची खूण वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. "समजलं का सगळ्यांना?" "होऽऽऽ!" या खेळावर बाई विसंबून राहत नाहीत.

आणि क्यूआर कोड तर आपल्या काउंटरवरही आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मुलाने घरी मोबाईल धरला की तो धडा, ती कविता पुन्हा ऐकता, बघता येते. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत असे कोड आले. 2020 साली गुरुजींना 10 लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांसोबत वाटून घेतली. तंत्र साधंच आहे. पण अडलं की लागेल तेव्हा आणि लागेल तितक्या वेळा परत बघता यावं, हा विचार त्यामागे आहे.

हे जमतं कसं?

"काही लोकांना उपजतच शिकवता येतं," असं आपण म्हणून टाकतो. पण यामागे मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपले अशा परिसरातल्या वस्तूंतून मुलांना शिकवलं. विकतचं महाग साहित्य नसलं तरी हाताला काम देता येतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

आणि सराव तर असतोच. शिक्षक-प्रशिक्षणात सूक्ष्म अध्यापन नावाचा प्रकार आहे. 1960 च्या दशकात तो अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाला. आपल्याकडे एनसीईआरटीचा नमुना 36 मिनिटांचा: 6 मिनिटं शिकवा, 6 मिनिटं त्यावर इतरांचं ऐका, 12 मिनिटं पाठ पुन्हा आखा, 6 मिनिटं परत शिकवा, 6 मिनिटं परत ऐका. एका वेळी एकच कौशल्य. प्रश्न विचारणं म्हणजे फक्त प्रश्न विचारणं. आणि सगळ्यात जास्त वेळ कशाला, बघा. चुकल्यावर पुन्हा आखणी करायला.

आता दुकानात या

एका दिवशी एकच काम. बिलिंग, स्टॉक, यूपीआय, सुट्टे सगळं सोमवारी सांगू नका. आज फक्त यूपीआय.

हात त्याचे, खिसे तुमचे. म्हणजे तुमचे हात खिशात! सॉफ्टवेअरवर सरावाची खोटी बिलं त्यालाच करू द्या. अडला तर मनात वीसपर्यंत मोजा, मग बोला.

गिऱ्हाईक बना. "पेमेंट झालं बघा" म्हणून त्याला मोबाईलची स्क्रीन दाखवा. साउंडबॉक्स बोललेला नाही. तो काय करतो? माल देतो, की आधी आपल्या ॲपमध्ये पैसे आले का ते बघतो? खरा ठग येण्याआधी हे तुम्हाला कळलेलं बरं.

"समजलं का?" विचारू नका. "मला करून दाखव" म्हणा. नवीन माल आला की खोकी त्याच्याच हातात द्या. जुना माल पुढे आणि नवीन मागे लावतो का, ते गुपचूप बघा.

मशीनवर क्यूआर कोड लावा. लॅमिनेशन मशीन, वजनकाटा, बिलाचा प्रिंटर, प्रत्येकाचा एक मिनिटाचा व्हिडिओ स्वतः काढा आणि कोड तिथेच चिकटवा. तुम्ही जेवायला गेलात तरी त्याचं काम अडणार नाही. पण आधी हाताने शिकवा, मग कोड लावा. उलटं केलंत तर तो कोड भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा नुसता राहील.

एक सावधगिरी. दुकानातला माणूस म्हणजे लहान मूल नव्हे. गिऱ्हाइकासमोर त्याची परीक्षा घेऊ नका, चूक काढू नका. दुपारच्या निवांत वेळी, दोघंच असताना करा. त्या बाईंनीही 35 म्हणणाऱ्या पोराला एकदाही "चूक" म्हटलं नव्हतं.

दुसरी सावधगिरी साहित्याची. कपाटात कुलूपबंद कॉम्प्युटर असलेल्या शाळा आहेत, तशी बिलिंग मशीन नुसती कॅल्क्युलेटर म्हणून वापरणारी दुकानंही आहेत. मशीन घेतल्याने माणूस शिकत नाही. भिंतीवर टांगलेला सुंदर तक्ता आणि कोणी हात न लावलेलं मशीन, दोन्ही सारखेच.

या आठवड्याचं काम

तुमच्या दुकानात सगळ्यात जास्त चुका कुठल्या कामात होतात, ते एक काम निवडा. 36 मिनिटं काढा. वहीत दोन रकाने आखा, माझे हात आणि त्याचे हात. शेवटी कुठला रकाना भरला, ते कमेंटमध्ये लिहा. नुसतं "खूप छान सर" नको, रकाना लिहा.

आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बालबाजार भरला की नक्की जा. मुलं भाजी विकतात, हिशोब करतात, सुट्टे परत देतात. गिऱ्हाईक म्हणून पन्नासची नोट द्या आणि तेरा रुपयांची मेथी घ्या. पोरगं पैसे परत कसे मोजतं ते बघा, आणि तुमच्या नव्या माणसालाही सोबत न्या.