मजुरीचा फलक

मजुरीच्या व्यवहारात तोंडी शब्दाला आपल्याकडे फार मान आहे. विश्वास ही मोठीच ठेव होय. परंतु वाद निघाला म्हणजे तो सिद्ध कशाने करावयाचा, हा प्रश्न उरतोच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने त्याचे उत्तर देण्याचा भार मालकावर टाकला आहे. म्हणून नंदुरबारच्या व्यापाऱ्यांनी व कारखानदारांनी ती समजून घेणे अगत्याचे आहे.

मागणी मात्र जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुटीबरोबरच पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, अशीही एक मागणी होती. वेळेवर पगार देण्याचा कायदा व्हावयास १९३६ साल उजाडले. पुढे १९४८ साली किमान वेतनाचा आणि १९७६ साली समान वेतनाचा कायदा आला. परंतु १९३६ चा कायदा ठराविक पगारापर्यंतच लागू होता, आणि १९४८ चा अनुसूचीत नोंदलेल्या धंद्यांपुरताच. नव्या संहितेने ही कुंपणे काढून टाकली.

आता मालकाने करावयाचे काय? पहिली गोष्ट, दर्शनी जागी फलक लावावयाचा. त्यावर कोणत्या वर्गाच्या कामगाराला काय दर, पगाराचा दिवस व वेळ कोणती, आणि निरीक्षकाचे नाव-पत्ता काय, हे लिहिलेले हवे. दुसरी, प्रत्येकाला वेतनचिठ्ठी द्यावयाची व नोंदवही ठेवावयाची. तिसरी, रोजंदारीचा पैसा पाळी संपताच व महिन्याचा पगार पुढील सात तारखेच्या आत द्यावयाचा. काम सुटले तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करावयाचा. चौथी, जादा वेळेला दुप्पट दर. पाचवी, उचलीचे हप्ते धरूनही एकूण कपात पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नये. शेतीसाठी वा घरकामासाठी पाचांहून अधिक माणसे न ठेवणाऱ्यास फलक व वहीची सक्ती नाही. तरी मागणी होताच पैसे दिल्याचा पुरावा त्यालाही दाखवावा लागतो.

कोणी पुसेल, ही कटकट कशासाठी? पैसे मिळाले नाहीत अशी तक्रार आली, तर ते दिले हे सिद्ध करणे मालकाकडेच आहे. आणि तक्रार तीन वर्षांपर्यंत करता येते. मिरचीच्या पथारीवर हंगामात शंभर हात राबले, तर तीन वर्षांनी कोणाला किती दिले हे कोणाच्या स्मरणात राहणार? सचोटीच्या व्यापाऱ्याला त्याची वहीच वाचवील.

फलकाचा खरा उपयोग मात्र वेगळ्याच ठिकाणी दिसेल. धडगाव-अक्कलकुव्याकडील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात. तेथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. मुकादमाची उचल कोयत्याच्या नावे, मजुरीही कोयत्याच्याच नावे. पहाटेपासून मोळ्या बांधणाऱ्या बाईची कमाई कागदावर कोठेच उमटत नाही. सारख्या कामाला स्त्री-पुरुष असा भेद करू नये, असे संहितेच्या तिसऱ्या कलमात आहे. पण जी मजुरी वेगळी लिहिलीच नाही, ती सारखी की कमी हे तपासावे कसे? म्हणून समतेची पहिली पायरी म्हणजे तिच्या नावाची स्वतंत्र ओळ.

युरोपीय संघाने २०२३ साली केलेला नियम याहून पुढे जातो: उमेदवाराला आधीचा पगार विचारावयाचा नाही, आणि देऊ केलेला पगार मात्र अगोदर सांगावयाचा. आपला कायदा अजून तेथवर गेलेला नाही. तरी दर उघड असावा, हे तत्त्व दोहोंचे एकच आहे.

तेव्हा निरीक्षकाची वाट न पाहता, येत्या पगाराच्या दिवसापूर्वी प्रत्येक मालकाने आपली वही उघडून एवढेच पाहावे: आपल्याकडे राबणाऱ्या प्रत्येक माणसाचे, आणि प्रत्येक बाईचे, नाव तीत आहे काय?