पीक वर्षातून दोनदा, खर्च बारा महिने

घरखर्चाचा मेळ कसा घालावा हे सांगताना बहुतेक जण पगारापासून सुरुवात करतात. पगार आला की त्याचे भाग पाडा, म्हणतात. आपल्याकडं पगार कुणाला आहे? सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, हरभऱ्याचा उन्हाळ्याच्या तोंडावर. मधे दूध आणि मजुरी. म्हणून आपला हिशेब आधी वर्षाचा, मग महिन्याचा.

जून महिनाच बघा. बी-खत, पोरांचं दप्तर-वह्या, पत्र्याची डागडुजी, सगळं एकदम दारात उभं राहतं आणि हातात काही नसतं. खरं तर यातलं अचानक काहीच नाही. शाळा उघडणार हे आपल्याला दिवाळीतही माहीत असतं.

तर एका कागदावर बारा रकाने पाडा, जूनपासून मेपर्यंत. पैसा कोणत्या महिन्यात येतो ते वर लिहा, मोठे खर्च खाली. शेतीचा खर्च दुसऱ्या कागदावर, तो घरखर्चात मिसळला की काहीच कळत नाही. समजा शाळेला ४,८०० रुपये, दिवाळीला ६,०००, लग्नकार्यातल्या आहेराला ३,०००, दवाखान्याला ३,०००, घरपट्टी-पाणीपट्टीला १,२००. बेरीज झाली १८,०००. म्हणजे महिन्याला १,५०० रुपये या खर्चांसाठी बाजूला पडले पाहिजेत. ज्या घरात दुधाचा पैसा दर महिन्याला येतो तिथं ते त्यातून काढा. जिथं नाही, तिथं सोयाबीन विकल्यावर पहिलं काम हेच, मग टीव्ही-मोबाईल.

आता रोजचा खर्च. एक महिना सगळं लिहायचं. तेल, साखर, गॅस, मोबाईलचा रिचार्ज, एसटीचं भाडं. लिहिता येत नसेल तर पोरांना सांगा, त्यांचं गणितही पक्कं होईल. दुकानातून उधार आणलेलं त्याच दिवशी लिहायचं. पैसे दिले नाहीत म्हणून खर्च झाला नाही असं नसतं. घरची ज्वारीही मोजा. किती पोती घरच्यांना लागतात ते बघूनच बाकीची विका, नाहीतर मार्चमध्ये विकलेली ज्वारी श्रावणात चढ्या भावानं घ्यावी लागते.

टपरीवरचा खर्चही लिहायचा. रोजचे वीस रुपये म्हणजे वर्षाला ७,३०० रुपये. यावरून घरात भांडू नका. वही घरधन्यांच्या हातात द्या आणि बेरीज त्यांनाच करू द्या. बोलण्यापेक्षा आकड्याचा उपयोग जास्त होतो.

कर्जाच्या हप्त्याबद्दल मात्र नीट ऐका, इथं बायका सगळ्यात जास्त फसतात. समजा १०,००० रुपये घेतले, महिना दोन टक्के व्याजानं, दहा महिन्यांत फेडायचे. आपल्या गटात बहुधा व्याज शिल्लक रकमेवर लागतं. पहिल्या महिन्यात २०० रुपये, मुद्दलातले हजार फेडले की पुढं १८०, मग १६०. दहा महिन्यांचं व्याज होतं १,१०० रुपये. बाहेरच्या कुणी तेच व्याज शेवटपर्यंत पूर्ण १०,००० वर लावलं, तर दर महिन्याला २०० प्रमाणं २,००० होतात. तोंडानं दोघंही दोन टक्केच म्हणतात! म्हणून अंगठा किंवा सही करण्याआधी एवढं विचाराच, ‘व्याज मूळ रकमेवर की शिल्लक रकमेवर?’ आणि शेवटपर्यंत एकूण किती भरायचे ते कागदावर लिहून मागा. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं कर्ज घ्यायची वेळ आली असेल, तर ते लपवू नका, गटाच्या बैठकीत सांगा. त्यात लाज कसली? हप्ते दोनाचे चार झाल्यावर सांगितलंत तर गटालाही फार काही करता येत नाही.

बाजूला काढलेला पैसा घरातल्या डब्यात टिकत नाही, हे तुम्हीच मला सांगता. पोस्टात महिना १०० रुपयांपासून आवर्ती ठेव उघडता येते, पण ती पाच वर्षांची असते. जूनच्या दप्तरासाठी आपलं साधं बचत खातंच बरं.

आणि मे महिन्याच्या रकान्यात आजच एक नोंद करून ठेवा. ज्यांनी बँकेत प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा घेतला आहे, त्यांचे वर्षाचे ४३६ आणि २० रुपये मेच्या अखेरीस खात्यातून कापले जातात. त्या वेळी खातं रिकामं असलं तर विमा बंद पडतो. दोन्ही विमे दोन-दोन लाखांचे आहेत. तेव्हा वीस मेच्या आत खात्यात ४५६ रुपये आहेत ना, हे पासबुक भरून बघून घ्या.