मुतखडा : बोअरच्या पाण्यावरचा आळ आणि ताटातले मीठ

आहार आणि आजार : लेखांक 9

लघवीत विरघळलेले क्षार तिच्यात मावेनासे झाले की मुतखडा धरतो. कॅल्शियम, ऑक्झलेट, फॉस्फेट, युरिक आम्ल हे पदार्थ निरोगी माणसाच्याही लघवीतून रोज बाहेर पडतात. पाणी पुरेसे असेपर्यंत ते विरघळलेले राहतात. पाणी घटले की त्यांचे स्फटिक बनतात आणि एकमेकांना चिकटत वाढतात. दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर हे डोळ्यांनी दिसते : काकवी जास्त आटली की भांड्याच्या तळाशी साखरेचे खडे धरतात. दहापैकी सुमारे आठ मुतखडे कॅल्शियमचे असतात आणि त्यांतले बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे. बाकीचे मुख्यतः युरिक आम्लाचे किंवा जंतुसंसर्गातून होणारे.

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. भीमा, घोड, मुळा-मुठा आणि कालवे यांच्या जोरावर इथे ऊस उभा राहतो, पण उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि काठापासून दूरच्या वस्त्यांवर बोअरचेच पाणी प्यावे लागते. साहजिकच मुतखड्याचा पहिला आळ या जड पाण्यावर येतो. मात्र जड पाण्यामुळे खडे वाढतात असे अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. निष्कर्ष दोन्ही बाजूंचे आहेत. मचूळ पाणी घशाखाली उतरत नाही म्हणून माणूस कमी पितो, हा तोटा अधिक खरा. नायट्रेट किंवा जंतू यांसाठी बोअरच्या पाण्याची तपासणी करावीच, पण तो प्रश्न वेगळा. जारचे पाणी आणले आणि दिवसाला चार पेलेच प्यायले, तर खड्याच्या दृष्टीने काहीच साधले नाही.

लघवी किती होते, हे खरे माप. खडा एकदा होऊन गेलेल्या माणसाला 24 तासांत अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी लागते. सावलीत बसून काम करणाऱ्याला त्यासाठी साधारण तीन लिटर पुरते. उन्हात राबणाऱ्याचे बरेचसे पाणी घामातच जाते, म्हणून त्याला कितीतरी जास्त हवे. इटलीतल्या पार्मा येथे पहिला खडा झालेल्या 199 रुग्णांवर पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी 12 टक्क्यांना पुन्हा खडा झाला, तर इतरांपैकी 27 टक्क्यांना. उसाच्या फडात मात्र हा सल्ला पाळणे सोपे नाही. आडोसा नाही, शौचालय नाही, म्हणून ऊसतोड करणाऱ्या बायका मुद्दाम पाणी कमी पितात. त्यांना नुसते 'पाणी प्या' म्हणणे अपुरे आहे. फडाजवळ शौचालयाची सोय हाही मुतखड्याचाच प्रतिबंध आहे.

खडा कॅल्शियमचा असल्याचे कळले की घरात दूध-दही बंद होते. दुभत्या जनावरांच्या या पट्ट्यात ही चूक विशेष खटकते. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि ते शौचावाटे निघून जाते. दूध तोडले की ऑक्झलेट मोकळे राहते, रक्तात शोषले जाते आणि मूत्रपिंडात उतरते. पार्मातच वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांवर झालेला प्रयोग 2002 साली प्रसिद्ध झाला. कॅल्शियम कमी केलेल्या 60 जणांपैकी 23 जणांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या 60 जणांपैकी 12 जणांना. कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

ऑक्झलेटचे मोठे साठे म्हणजे पालक, राजगिरा, चुका, अळू, बीट, बदाम, तीळ. शेंगदाण्यातही ते बरेच असते. पालक उकळून पाणी टाकून दिले तर ऑक्झलेट बरेच कमी होते. ताक घालून केलेली पालकाची पातळ भाजी या हिशेबात शहाणपणाची, कारण कॅल्शियम त्याच घासात येते. टोमॅटोवर उगाच बंदी घातली जाते. त्यात ऑक्झलेट कमी असते आणि त्याच्या बियांचा खड्याशी संबंध नाही.

सर्वांत दुर्लक्षित गुन्हेगार मीठ. मूत्रपिंड सोडियम बाहेर टाकताना कॅल्शियमही सोडते, म्हणून खारट खाणाऱ्याच्या लघवीत कॅल्शियम वाढते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा. ठेचा, लोणचे, पापड आणि नाश्त्याचे फरसाण यांतच ती ओलांडली जाते. मटणाने युरिक आम्ल वाढते, लघवी आम्लधर्मी होते आणि खड्याला अटकाव करणारे सायट्रेट घटते. चैत्र-वैशाखातल्या यात्रांत मटण, झणझणीत रस्सा, ऊन आणि अपुरे पाणी एकाच दिवशी जुळून येतात.

सायट्रेटसाठी लिंबू उत्तम, आणि शेजारचा श्रीगोंदा तर लिंबांसाठीच प्रसिद्ध. सरबतात मीठ-साखर मात्र बेताची हवी. शीतपेयांच्या साखरेतले फ्रुक्टोज युरिक आम्ल आणि लघवीतले कॅल्शियम वाढवते, म्हणून त्यांना पाण्याच्या जागी बसवू नये. उसाचा रसही रोजचे पाणी नव्हे. हुलग्याचे माडगे आणि शेंगोळे खुशाल खावेत, परंतु त्यांनी मोठा खडा विरघळतो याला भक्कम पुरावा नाही. बिअरने लघवी वाढते, खडा फुटत नाही.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. पडलेला खडा गाळून ठेवून प्रयोगशाळेत द्यावा, कारण युरिक आम्लाच्या खड्याचे पथ्य ऑक्झलेटच्या पथ्याहून वेगळे असते. मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार किंवा अंगावर सूज असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. आणि कळांसोबत थंडी-ताप आला किंवा लघवी थांबली, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.