सर्फबोर्डच्या फिन्स: प्लास्टिक, फायबरग्लास की कार्बन? फरक नक्की कुठे पडतो?

डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी सापडतो. मीही त्यातलाच. ऑफिस चेन्नईत ओएमआरवर. तिथून कोवलमचा किनारा जवळ आहे (केरळातलं नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेचं कोवलम), म्हणून दोन वर्षांपूर्वी रविवारी सकाळी सर्फिंग शिकायला जायला लागलो. गेल्या वर्षी एक सेकंडहँड बोर्ड घेतला. त्याच्यासोबत काळ्या प्लास्टिकच्या तीन फिन्स आल्या होत्या. सगळे म्हणाले, "आधी त्या बदल." मी बदलल्या. अर्ध्या महिन्याच्या घरभाड्याइतके पैसे मोजून कार्बनच्या घेतल्या. तिसऱ्याच रविवारी बोर्डाच्या बुडाला भोक पडलं. फिन्सवर मात्र ओरखडासुद्धा नाही!

चूक कुठे झाली हे शोधताना कॉलेजात घोकून विसरलेलं बरंच काही परत वाचावं लागलं. तेच इथे सांगतो.

फिन काम काय करते?

सर्फबोर्ड उलटा केला की शेपटीकडे माशाच्या परांसारखी उभी पाती दिसतात. त्या फिन्स. त्या नसतील तर बोर्ड लाटेच्या उतारावर ओल्या साबणासारखा आडवा घसरतो. पूर्वी हवाईतले सर्फर एक पाय पाण्यात घालून दिशा सांभाळायचे. 1935 मध्ये वायकिकीला टॉम ब्लेक याने एका जुन्या स्पीडबोटीची धातूची कील काढून आपल्या बोर्डाखाली बसवली, आणि बोर्ड पहिल्यांदा ठरवलेल्या रेषेत चालला. आजची नेहमीची तीन फिन्सची रचना ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने 1980 मध्ये आणली. पुढच्याच वर्षी त्याने बेल्स बीचची स्पर्धा त्यावर जिंकली, आणि मग सगळ्यांनीच तिसरी फिन लावून घेतली.

लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढल्यावर आई ओरडायची, आठवतंय? तळवा आडवा धरला की काही नाही, जरासा तिरका केला की हात झपकन वर उचलला जायचा. फिनचं तेच आहे. फक्त हवेऐवजी पाणी, आणि पातं उभं असल्यामुळे रेटा वर न जाता बाजूला जातो. वळताना बोर्ड थोडा तिरका होतो, फिनवर पाणी कोनात येतं आणि बाजूचा रेटा मिळतो. याच रेट्याच्या आधाराने सर्फर वळतो.

हा रेटा किती असतो? ढोबळ हिशेब करू. मध्यम आकाराच्या एका फिनचं क्षेत्रफळ साधारण 15 चौरस इंच, म्हणजे 97 चौरस सेंटिमीटर. वेग सेकंदाला 6 मीटर धरा, लिफ्टचा गुणांक 0.5 धरा. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला 1025 किलो. उत्तर येतं जवळपास 90 न्यूटन, म्हणजे 9 किलोच्या वजनाइतकं. वेग 8 मीटर झाला की तेच 16 किलोच्या आसपास जातं, कारण रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. साडेअकरा सेंटिमीटर उंचीचं पातं, बुडाशी घट्ट पकडलेलं, वर टोक मोकळं, आणि त्याला 9 ते 16 किलोचा आडवा धक्का. आपल्या गॅलरीचा स्लॅब एका बाजूने भिंतीत अडकवलेला असतो, तशीच ही रचना. ती वाकणारच. किती वाकेल आणि कुठे वाकेल, सगळा खेळ त्यात आहे.

जाडीचा घन

मटेरियलकडे वळण्याआधी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. पातं वाकायला किती विरोध करतं हे मटेरियलच्या कडकपणावर अवलंबून असतं, पण जाडीच्या घनावरही असतं. जाडी दहा टक्के वाढवली की कडकपणा तेहेतीस टक्के वाढतो. जाडी निम्मी केली की कडकपणा आठवा हिस्सा उरतो. म्हणून तर फिन बुडाशी जाड आणि टोकाला पातळ घासलेली असते. बूड जवळजवळ हलत नाही, टोक मात्र झुकतं.

हे सर्फिंगमध्ये मनावर घेणारा पहिला मोठा माणूस म्हणजे कॅलिफोर्नियाचा जॉर्ज ग्रीनो. 1960 च्या दशकात त्याने ट्यूना माशाच्या आकाराकडे बघून अरुंद, मागे झुकलेल्या, टोकाला लवचिक अशा फिन्स बनवल्या. त्याआधीच्या फिन्स म्हणजे बोर्डाखाली लावलेली जाडजूड फळी. 1966 मध्ये सॅन दिएगोला नॅट यंग जगज्जेता झाला तेव्हा त्याच्या बोर्डाखाली ग्रीनोच्या घडणीची फिन होती.

मागे झुकलेली फिन वाकते तेव्हा ती नुसती वाकत नाही, थोडी पिळलीही जाते. टोक रेट्यासोबत झुकलं की तिथे पाण्याचा कोन कमी होतो. कोन कमी म्हणजे टोकावरचा भार कमी. थोडक्यात, जास्त जोर आला की फिन स्वतःच जरा सैल सोडते. विमानाच्या मागे झुकलेल्या पंखांतही हेच होतं. पंख पुढे झुकवले तर उलट होतं, वाकताच भार आणखी वाढतो. म्हणून 1984 मध्ये उडालेल्या ग्रुमन एक्स-29 या अमेरिकन विमानात कार्बन फायबरचे थर मुद्दाम अशा दिशेने रचले होते की पंख वाकताना घातक रीतीने पिळला जाऊ नये.

आपल्याला याचं काय? कोन फार वाढला की पाणी फिनच्या पृष्ठभागापासून सुटतं, पकड एकदम जाते आणि शेपूट घसरते. टोक योग्य प्रमाणात सैल पडलं तर ही वेळ जरा पुढे ढकलली जाते, आणि पकड झटक्यात न जाता हळूहळू जाते. शिकाऊ माणसाला हे फार सोयीचं. पण टोक गरजेपेक्षा जास्त सैल पडलं तर जोराच्या वळणात हवा तेवढा रेटाच मिळत नाही. माझ्या काळ्या प्लास्टिकच्या फिन्सची तक्रार हीच होती.

आता मटेरियल

स्वस्त फिन्स इंजेक्शन मोल्डिंगने बनतात: वितळलेलं नायलॉन, त्यात काचेच्या तंतूंचे बारीक तुकडे, साच्यात दाबून भरायचं, थंड झालं की काढायचं. प्लास्टिकची खुर्ची बनते तसंच. तंतू तुटक असल्यामुळे भार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाहून नेणारं आत काही नसतं. शिवाय नायलॉन पाणी शोषतं आणि शोषल्यावर मऊ होतं. पाण्यातच वापरायच्या वस्तूला हा गुण शोभत नाही, पण किंमत कमी ठेवायची तर चालतं.

त्यावरची पायरी म्हणजे सलग कापडाचा फायबरग्लास. किनाऱ्यावर हल्ली दिसणाऱ्या फायबरच्या होड्या ज्या घराण्यातल्या, तेच हे. काचेच्या कापडाचे पुष्कळ थर रेझिनमध्ये भिजवून एकमेकांवर रचतात, घट्ट झालेल्या पाटीतून फिन कापतात आणि ग्राइंडरने बाजूंचा उतार काढतात. उतार काढताना एकेक थर उघडा पडत जातो, त्यामुळे चांगल्या फिनवर भूगोलाच्या नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या रेषा दिसतात. मला फिनमधला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो, आणि तो उपयोगाचाही आहे. रेषा सुबक आणि सलग असतील तर घासणाऱ्याचा हात स्थिर होता. कुठे नागमोडी झाल्या असतील तर तिथे जाडी चुकलेली आहे, आणि जाडीच्या घनाचं गणित आपण वर पाहिलंच.

तिसरा प्रकार हनीकोंबचा. पातं वाकतं तेव्हा ताण पडतो तो मुख्यतः बाहेरच्या दोन पृष्ठभागांवर. मधला भाग त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवायचं काम करतो. कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा आठवा. दोन पातळ कागद, मध्ये नागमोडी कागद, आणि एवढ्यात तो केवढा ताठ राहतो! हनीकोंब फिनमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखा हलका गाभा आणि दोन्ही बाजूंना काचेचं कापड बंद साच्यात ठेवून दाबाने रेझिन भरतात. साच्यातून निघाल्यामुळे दोन फिन्स जवळजवळ तंतोतंत सारख्या येतात. वजनही कमी होतं, पण सेटमागे वाचणार शे-सव्वाशे ग्रॅम, आणि बोर्डासकट मी 75 किलो. तेवढा फरक तर सकाळच्या इडल्या पाडतात.

आणि कार्बन. काचेच्या तंतूचा कडकपणा साधारण 72 गिगापास्कल, पोलादाचा 200, नेहमीच्या कार्बन तंतूचा 230 च्या आसपास. म्हणजे काचेच्या तिप्पट. पण बाजारात 'कार्बन' म्हणून मिळणाऱ्या कितीतरी फिन्समध्ये आत काच किंवा हनीकोंब आणि वर कार्बनची एखादी पट्टी असते. काही ठिकाणी ती पट्टी विचारपूर्वक, फक्त बुडाशी लावलेली असते, म्हणजे बूड ताठ आणि टोक मोकळं. काही ठिकाणी ती निव्वळ दिसण्यापुरती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

स्प्रिंगची गोष्ट

जाहिरातींत एक वाक्य हमखास असतं: फिन वळताना ऊर्जा साठवते आणि सुटताना ती परत देऊन वेग वाढवते. ऐकायला छान आहे. हिशेब मात्र वेगळंच बोलतो. 90 न्यूटनचा रेटा आणि त्या जागी पाच मिलिमीटर वाकणं धरलं तर साठलेली ऊर्जा होते पाव ज्यूलच्याही आत. सेकंदाला 6 मीटर वेगाने जाणाऱ्या 75 किलोच्या माणसाची आणि बोर्डाची गतिज ऊर्जा 1350 ज्यूल. तीन फिन्स धरा, रेटा दुप्पट धरा, तरी हे समुद्रात खसखस टाकल्यासारखं आहे.

मग अनुभवी सर्फर म्हणतात ती 'उसळी' खोटी का? मला तसं वाटत नाही. ती पायाला जाणवते, पण माझ्या मते कारण वेगळं आहे. फिन सरळ होते तसा टोकाचा कोन बदलतो आणि रेटा परत वाढतो. जाणवतो तो पकडीतला बदल. त्याचं श्रेय साठवलेल्या ऊर्जेला मिळतं एवढंच.

भोक कसं पडलं

त्या रविवारी ओहोटी होती. लाट संपल्यावर मी उथळ पाण्यात वेळेवर उतरलो नाही आणि मधली फिन वाळूच्या बांधावर आपटली. फिन बोर्डात एका खाचेत बसते, तिला फिन बॉक्स म्हणतात. एफसीएसच्या जुन्या पद्धतीत दोन छोट्या टॅब असतात, फ्यूचर्सच्या पद्धतीत एकच लांब बूड. कोणतीही असो, आजूबाजूला फोम आणि त्यावर फायबरग्लासची पातळ कातडी. प्लास्टिकची फिन असती तर ती वाकली असती, नाहीतर टॅब तुटली असती. माझी कडक फिन ना वाकली, ना तुटली. तिने सगळा धक्का जसाच्या तसा बॉक्सला दिला. बॉक्स उखडला आणि फोममध्ये पाणी शिरलं.

किनाऱ्यावर बोर्ड दुरुस्त करणारे एक अण्णा आहेत. त्यांनी बोर्ड उलटा केला, फिनवर टिचकी मारली आणि तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाले, "फिन मजबूत, बोर्ड कमजोर. उलटा चाहिए ना, तंबी?" घरातल्या फ्यूजची तार जाड करून वायरिंग जाळणारा माणूस आपण सगळ्यांनी बघितलाय. मी तेच केलं होतं, तेही इंजिनिअरिंगची डिग्री असताना.

दुरुस्तीनंतर काय बदललं ते सांगतो. माझं वजन 62 किलो आणि आमच्या लाटा बहुतेक दिवस कमरेएवढ्या. तेवढ्या वेगात कार्बनच्या फिन्स वाकतच नव्हत्या, म्हणजे मी ज्याचे पैसे मोजले ते माझ्या पायाखाली कधी घडतच नव्हतं. वजनदार आणि वेगवान सर्फरसाठी त्याच फिन्स योग्य असतील. म्हणून त्या ऑफिसातल्या 88 किलोच्या मित्राला विकल्या, तो खूश आहे. मी बाजूच्या दोन फिन्स मध्यम कडक हनीकोंबच्या घेतल्या, आणि मधली परत जुनी काळी प्लास्टिकची लावली. फ्यूज म्हणून.

त्या काळ्या फिनचा अजून एक त्रास होता: वेग आला की ती गुणगुणायची. मोल्ड केलेल्या फिनची मागची कड बोथट असते, तिथून पाण्याचे भोवरे आळीपाळीने सुटतात आणि कड थरथरते. दोन मिलिमीटर जाड कड आणि सेकंदाला 6 मीटर वेग धरला तर सेकंदाला साधारण 600 कंपनं होतात, म्हणजे कानाला स्वच्छ ऐकू येणारा सूर. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला, मागची कड दोन्ही बाजूंनी हळूहळू उतरवली. पण धार येईल इतकी नाही, कारण पडल्यावर तीच कड मांडीला लागते. आता गुणगुण थांबली आहे.