‘इन्शाअल्लाह’ म्हणजे ‘नाही’ नव्हे!

रमजानचा शेवटचा आठवडा. टेलरच्या दुकानात कपड्यांचा ढीग लागलेला असतो. अशात एक बाई मुलाच्या कुर्त्याचे कापड घेऊन येते. “ईदपर्यंत मिळेल ना, भाई?” मिळणार नाही हे टेलरला पक्के ठाऊक असते. पण गिऱ्हाईक कसे तोडायचे? तो म्हणतो, “इन्शाअल्लाह, हो जाएगा आपा.” चाँद रातीला ती दुकानाच्या चार खेपा घालते आणि सकाळी मुलगा जुन्याच कपड्यांत ईदगाहला जातो.

हे आपण सर्वांनी भोगले आहे आणि खरे सांगायचे तर कधी ना कधी केलेही आहे. उधार मागणाऱ्याला “जुम्याला बघू” म्हणतो, नोकरीसाठी आलेल्या पोराला “फोन करतो” म्हणतो. आपल्याला वाटते, आपण त्याचे मन राखले. प्रत्यक्षात आपण फक्त स्वतःचा अवघडलेपणा टाळलेला असतो. समोरचा मात्र त्या शब्दाच्या भरवशावर दुसरीकडे जात नाही, त्याचे दिवस वाया जातात.

सूरह कहफच्या आयत २३-२४ मध्ये, उद्याचे काम बोलताना ते अल्लाहच्या इच्छेवर सोपवण्याची शिकवण आहे. म्हणजे इरादा पक्का, प्रयत्न आपला आणि निकाल अल्लाहच्या हाती. जे करायचेच नाही, त्यावर इन्शाअल्लाहची चादर टाकणे हा या शब्दाचा अपमान आहे. बोलताना खोटे बोलणे आणि दिलेला शब्द मोडणे या दोन्ही गोष्टी हदीसमध्ये मुनाफिकाच्या निशाण्या म्हणून सांगितल्या आहेत.

मग तोंडावर फटकन ‘नाही’ म्हणायचे का? तसेही नाही. सूरह बनी इस्राईलच्या आयत २८ मध्ये सांगितले आहे की, गरजवंताला देण्यासारखे आज आपल्याकडे काही नसेल, तर निदान त्याच्याशी नरमाईने बोलावे. सूरह बकराच्या आयत २६३ प्रमाणे तर मन दुखावून दिलेल्या दानापेक्षा गोड शब्द बरा.

खरेपणा आणि नरमाई एकत्र कशी असते, हे तबूकच्या मोहिमेत दिसते. काही गरीब सहाबा सोबत येण्यासाठी सवारी मागायला आले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सवारी उपलब्ध नसल्याचे त्यांना सरळ सांगितले. खोटी आशा दाखवली नाही. ते रडत परतले. पण त्यांच्यावर कोणताही दोष नाही, असे कुरआनने सूरह तौबाच्या आयत ९२ मध्ये स्पष्ट केले. नकार मिळाला, पण त्यांची इज्जत कमी झाली नाही.

आपल्या व्यवहारात हे असे आणता येईल:

१. नकार वेळेवर द्या. टेलरने आठवडाभर आधी “या ईदला जमणार नाही” म्हटले, तर आपा तयार कुर्ता तरी घेऊ शकेल.

२. कारण सांगायचे तर खरेच सांगा. सगळे सांगणे बंधनकारक नाही, “सध्या मला जमत नाही” एवढे पुरे. पण बहाणा रचू नका. एक बहाणा टिकवायला पुढे दहा लागतात.

३. चारचौघांत नकार देऊ नका. उधारी नाकारताना दुकानात गर्दी असेल तर त्या माणसाला बाजूला घ्या. जुन्या उधारीचा पाढा वाचू नका.

४. जमेल तर दुसरी वाट दाखवा. दुसरा कारागीर सुचवा, नाहीतर निदान मनापासून दुआ द्या.

आणि घरातली एक गोष्ट. दारावर वसुलीवाला आला की आपण मुलाला पुढे करतो, “सांग, अब्बा घरी नाहीत.” शाळेत आम्ही मुलांना खरे बोलायला शिकवतो आणि तीच मुले संध्याकाळी हा धडा गिरवतात. त्यापेक्षा अब्बांनी स्वतः दारात यावे, सलाम करावा आणि म्हणावे, “भाई, आज पैसे नाहीत. दहा तारखेला देतो, इन्शाअल्लाह.” आणि दहा तारखेला पैसे द्यावेत. मुलाला त्या दिवशी इन्शाअल्लाहचा खरा अर्थ कळेल.